विंडोज 11 टाकल्यावर संगणक बंद होत नाही? फोन करण्याआधी एवढं बघा

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे आमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी विंडोज 11 टाकून घेतलं. तेव्हापासून एक तक्रार वरचेवर येते: "शट डाउन दाबलं तरी मशीन बंदच होत नाही." यातलं पुष्कळसं घरच्या घरी सुटतं. दोन मिनिटांच्या सेटिंगसाठी तुम्ही रिक्षा करून सीपीयू दुकानात आणायचा आणि आम्ही त्याचे पैसे घ्यायचे, हे आम्हालाही बरं वाटत नाही.

आधी एक गोष्ट नीट बघून ठेवा. मशीन "शटिंग डाउन" लिहिलेल्या पडद्यावरच अडकतं, की पडदा काळा होतो पण पंखा आणि दिवा चालूच राहतो, की नीट बंद होऊन परत आपोआप सुरू होतं? तिन्हींना आपण "बंद होत नाही" असंच म्हणतो, पण कारणं वेगळी आहेत आणि उपायही.

बटन दाबून धरण्याची घाई नको

पडद्यावर टक्केवारी दिसत असेल आणि संगणक बंद करू नका असं लिहिलं असेल, तर तो अडकलेला नाही, काम करतोय. एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) असेल तर अर्धा तास, जुनी हार्ड डिस्क असेल तर दोन तासही धीर धरा. सीपीयूवरचा डिस्कचा बारीक दिवा लुकलुकत असेल तर आत काहीतरी चाललेलं आहे. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी दुकान किंवा ऑफिस बंद करताना हा पडदा हमखास समोर येतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा आणि घरी जा.

टक्केवारी नाही, दिवा लुकलुकत नाही, तासभर काहीच हललं नाही, अशा वेळी पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा. थेट भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद करू नका. आणि हे रोज करायचं काम नव्हे. रोज असंच बंद करावं लागत असेल तर कधीतरी फाइल बिघडणार.

तुम्ही बंद करता, पण ते पूर्ण बंद होतच नाही

विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शट डाउन दाबल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (मशीनचा एकेक भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. दुकानाचं शटर अर्धं ओढून आतला दिवा तसाच ठेवावा, तसा हा प्रकार. जुन्या हार्ड डिस्कच्या काळात त्याचा फायदा मोठा होता.

अपग्रेडनंतर अडचण अशी होते की एखादा ड्रायव्हर नव्या विंडोजशी पुरता जुळलेला नसतो, आणि त्याची बिघडलेली अवस्थाच रोज रात्री साठवली जाते, रोज सकाळी परत उघडली जाते. खात्री करून घ्यायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली "अप टाइम", म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे, ते बघा. रोज रात्री मशीन बंद करूनही तिथे आठ-दहा दिवसांचा आकडा दिसेल. लोक हा आकडा बघून चक्रावतात.

गंमत म्हणजे "रीस्टार्ट" केलं की मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. म्हणून आम्ही फोनवर "एकदा रीस्टार्ट करून बघा" म्हणतो, ते वेळ मारून न्यायला नव्हे. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्टची कळ दाबून ठेवून स्टार्ट मेनूतलं शट डाउन क्लिक करा. असं केल्यावर मशीन गुपचूप बंद होत असेल तर दोष फास्ट स्टार्टअपचाच समजा आणि ते काढून टाका.

विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, "कंट्रोल" हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन डावीकडचं "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" उघडा. खालच्या खुणा फिकट दिसतील, त्यासाठी वरच्या निळ्या ओळीवर, "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" वर, एकदा क्लिक करावं लागतं. बरेच जण इथेच थांबतात. मग "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. पूर्वी तुम्ही ही खूण काढलेली असेल तरी बघा, मोठ्या अपग्रेडनंतर ती पुष्कळदा परत आलेली असते. एसएसडी असलेल्या मशीनला यामुळे सुरू व्हायला दोन-चार सेकंद जास्त लागतील, एवढंच.

पडदा काळा, पंखा चालू

हे जास्त करून लॅपटॉपवर दिसतं. विंडोज आपल्या परीने बंद झालेलं असतं, पण वीज तोडण्याचा निरोप आतल्या मदरबोर्डापर्यंत पोचत नाही. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हाही हेच झालं होतं. पुष्कळ लॅपटॉपवर इंटेल मॅनेजमेंट इंजिन इंटरफेसचा नवा ड्रायव्हर आपोआप बसला, आणि जुना परत टाकल्यावर मशीन शहाण्यासारखी बंद व्हायला लागली. तेव्हा ड्रायव्हर नवा तेवढा चांगला, असं धरून चालू नका. लॅपटॉप कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर टाका. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका, ती काढण्यात आमचा अर्धा दिवस जातो.

इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असलेलं मशीन असेल आणि कुणी जुगाड करून त्यावर विंडोज 11 बसवलं असेल, तर मात्र स्पष्ट सांगतो: त्या मशीनसाठी विंडोज 11 चे ड्रायव्हर कंपनीने बहुधा काढलेलेच नाहीत. खटपट करून बघू, हमी देणार नाही.

बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट घरी करू नका. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड जाऊ शकतो.

बंद होऊन परत सुरू होतं

"अपडेट अँड शट डाउन" निवडूनही मशीन परत सुरू होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबायचं, ही विंडोजचीच वर्षानुवर्षांची चूक होती. विंडोज 11 च्या 24एच2 आणि 25एच2 या आवृत्त्यांसाठी तिची दुरुस्ती ऑक्टोबर 2025 च्या अखेरच्या अपडेटपासून आली. जानेवारी 2026 मध्ये त्याआधीच्या 23एच2 आवृत्तीच्या काही मशीनवर, विशेषतः सिक्युअर लाँच ही सुरक्षेची सोय चालू असलेल्या कंपन्यांच्या संगणकांवर, शट डाउन केलं की रीस्टार्ट व्हायचं. त्यावर चारच दिवसांत वेगळं अपडेट निघालं. म्हणून आधी राहिलेले अपडेट पुरे करा.

तरीही होत असेल तर यूएसबीला जोडलेलं सगळं काढून बघा: प्रिंटर, वेबकॅम, डिजिटल सहीचं टोकन, टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल. मग एकेक लावत जा. सीए आणि वकिलांच्या ऑफिसांत हे टोकन दिवसभर लावलेलंच असतं, आणि त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजच्या वेळचा असतो. नेटवर्क कार्डही मशीन जागं करू शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "अलाउ धिस डिव्हाइस टु वेक द कॉम्प्युटर" ही खूण काढा.

लाइट जाऊन आल्यावरच मशीन सुरू होत असेल तर त्याचा अपग्रेडशी संबंध नाही. ते बायोसमधलं सेटिंग आहे, आम्ही येऊन बदलून देऊ.

अपग्रेड केल्यापासून दहा दिवसांच्या आत असाल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथून "गो बॅक" करून विंडोज 10 वर परतता येतं. दहा दिवसांनंतर जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्या जातात, मग तो रस्ता नाही. परतायचं ठरवलंत तरी आधी डेटाची कॉपी काढा.

फोन करताना मॉडेल नंबर आणि अडलेल्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो जवळ ठेवा. लॅपटॉप आणणार असाल तर चार्जर आणा आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आदल्या रात्री बघून ठेवा. ती नसेल आणि दुरुस्तीत मशीनने मागितली, तर तुमच्या फाइली आम्हालाही उघडता येत नाहीत.