स्टेपनी खुशाल तुम्ही बदला, फक्त नट आधी हाताने लावा

"चाक मीच बदललं, फक्त एक नट जरा अडकलाय." पावसाळ्यात कुणी आमच्या टायरच्या दुकानात काउंटरवर येऊन असं म्हणालं की आमच्या पोरांना कळतं, आता पुढचा तासभर दुसऱ्या गाडीला हात लागत नाही. हे माहितीपत्रक त्या अडकलेल्या नटासाठी आहे. चाक कसं बदलायचं हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे बाकीचं थोडक्यात सांगतो.

गाडी सपाट, टणक जागी आणि रस्त्यापासून बाजूला घ्या. हॅझर्ड लाइट चालू करा आणि लाल त्रिकोण गाडीच्या बऱ्याच मागे ठेवा. डिकीला टेकवून ठेवलेला त्रिकोण मागच्या ट्रकवाल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पंक्चर टायरवर 'हळूहळू' दोन किलोमीटर गाडी आणू नका. टायरची बाजू रिमखाली चेंगरते आणि पाच-दहा मिनिटांत निघणारं पंक्चर नव्या टायरवर जातं. अपवाद एकच, घाटाचा. परशुराम किंवा कुंभार्ली घाटात वळणावर टायर बसला तर टायरची चिंता सोडा आणि सावकाश मोकळ्या, सपाट जागेपर्यंत या. टायर आम्ही विकतो, जीव विकत नाही. जागा मिळालीच नाही तर गाडीतून उतरून रहदारीपासून दूर, सुरक्षित जागी उभे राहा आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये) आणि पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला (पुढचं डावं पंक्चर असेल तर मागच्या उजव्या) पुढून-मागून दगड लावा. गाडीतली माणसं उतरवा, झोपलेलं मूलसुद्धा. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा फेरा ढिले करा. सुटत नसतील तर पान्यावर पाय देऊन वजन टाकलं तरी चालेल. जॅक दरवाजाखालच्या पट्टीवर, कंपनीने खाच दिलेली असते तिथेच लावायचा. कोकणातल्या ओल्या मातीत जॅक बसतो, म्हणून खाली फळी हवी. फळी नाही म्हणून काही जण चिरा ठेवतात. तसं करू नका. भिजलेला जांभा वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. गाडी जॅकवर असताना अंगाचा कुठलाही भाग तिच्याखाली घालायचा नाही.

आता मुख्य मुद्दा. स्टेपनी चढवल्यावर घाई होते. पाऊस असतो, अंधार असतो, मागून हॉर्न वाजत असतात. मग माणूस नट पान्यातच बसवतो आणि पान्यानेच फिरवायला सुरुवात करतो. नट बाटलीच्या झाकणासारखा तिरका चढतो. पान्याचा दांडा लांब असल्यामुळे आटे कापले जात आहेत हे हाताला कळतही नाही, उलट 'छान घट्ट बसला' असं वाटतं. पुढे तो नट पुरता बसतही नाही आणि निघतही नाही.

हे टाळायला वेगळं हत्यार लागत नाही. पायाचा चवडा टायरखाली घालून चाक किंचित वर उचला, म्हणजे चाकाची भोकं आणि स्टड (ज्यावर नट चढतो तो आट्यांचा दांडा) समोरासमोर येतात. वरचा नट आधी लावा, चाक त्यावर लोंबतं आणि बाकीचे सोपे जातात. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवा. नट बोटांत धरून आधी उलटा, म्हणजे सोडण्याच्या दिशेने, सावकाश फिरवा. एका जागी बोटांना बारीक 'टक्' जाणवतं. तिथे आटे जुळलेले असतात. तिथून सुलटा फिरवा. निदान चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. एक-दीड फेऱ्यात नट अडला तर जोर न लावता काढा, पुसा आणि पुन्हा लावा. सगळे नट बोटांनी बसल्यावरच पाना हातात घ्या. एक नट झाला की समोरचा, अशा आडव्या क्रमाने आवळा. गाडी खाली घेऊन शेवटचं आवळणं करा, तेही हाताच्या जोराने. नट सोडताना पाय दिला तर हरकत नाही, आवळताना पान्यावर उभं राहू नका. स्टडला तेल किंवा ग्रीसही लावू नका. त्याच जोरात नट गरजेपेक्षा जास्त ओढला जातो आणि स्टड ताणतो.

नट हरवला तर कुठलाही आणून लावू नका. मारुतीच्या बहुतेक गाड्यांच्या स्टडवर दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर असतं, ह्युंदाई, होंडा, टोयोटाचं सहसा १.५. जाडी दोन्हींची १२ मिलिमीटर, त्यामुळे दिसायला नट सारखेच, आणि पहिला फेरा जातोही. स्कोडा, फोक्सवॅगनला तर नट नसून बोल्ट असतात. गाडीचं मॉडेल सांगा, आमच्याकडे सुटा नट मिळतो.

अडकलेला एक नट काढायचे एवढे पैसे का, असं विचारलं जातं. आटे गेलेला नट स्टडसकट फिरतो. अलॉय व्हीलमध्ये तो खोल बसलेला असतो, चाकाला ओरखडा न येता कापायचा म्हणजे वेळ लागतो. मग जुना स्टड ठोकून काढून नवा ओढून बसवायचा. काही गाड्यांत मागे जागाच नसते, चाक ज्यावर बसतं तो हबच उतरवावा लागतो. स्टडची किंमत किरकोळ असते, बिल मजुरीचं असतं.

दुसरी तक्रार उलटी असते: "तुम्हीच नट इतके आवळता की रस्त्यात सुटत नाहीत." आमच्याकडे नट बोटांनी सुरू करतात आणि शेवट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर करतात. छोट्या गाड्यांना तो साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. एअर गनने दाबून दोन मिनिटांत गाडी सोडणं आम्हालाही जमलं असतं. आमच्याकडे पाच मिनिटं जास्त लागतात ती याचीच. गंजलेला नट मात्र कुणीही लावला असला तरी रुसतोच. टायर रोटेशनला (टायरांची पुढे-मागे अदलाबदल करायला) आलात की स्टड आम्ही तारेच्या ब्रशने साफ करून देतो.

स्टेपनी लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरमध्ये नट एकदा तपासून घ्या, आमच्याकडे ते फुकट आहे. स्टेपनीवर ८० चा स्टिकर असेल तर ताशी ८० च्या वर जाऊ नका. आणि ती गाडीत आहे ना हे आधी पाहा. ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही, त्यामुळे काही नव्या गाड्यांत नुसतं किटच येतं. सीएनजी गाडी असेल तर स्टेपनी नेमकी कुठे आहे आणि कशी निघते, हे घरच्या अंगणात एकदा करून बघा.

फळी, हातमोजे, घडीचा चौपाना आणि चाकाला लावायच्या दोन पाचरी अशी पिशवी आम्ही तयार ठेवतो. घरात फळी आणि जुने मोजे असतील तर फक्त पाना घ्या. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा स्टेपनीची हवा त्याआधीच भरून घ्या. हवेचे पैसे घेत नाही.