उंबराचं पाणी: साष्टीतले ईस्ट इंडियन

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत बायका विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात, मग नारळाच्या दुधाचा रोस लावून नवरीला त्या पाण्याने आंघोळ. याला म्हणतात उंबराचं पाणी. नवरी दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये अंगठी घालते. मुंबईत जन्म काढलेल्यांनाही हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती, मराठी बोलतात याचं नवल वाटतं, याचंच मला नवल वाटतं.

१५३४ मध्ये वसई आणि साष्टी (आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणे जिथे आहेत ते बेट) पोर्तुगीजांकडे गेली आणि इथले कोळी, कुणबी, आगरी, भंडारी मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, शेत, मिठागर, होडी आणि चूल तीच राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, दोन वर्षांनी वसईही पडली, १७७४ मध्ये इंग्रज ठाण्यात शिरले. राज्यं बदलत गेली, भाताची लावणी काही थांबली नाही.

खरी ढवळाढवळ झाली ती नोकरीमुळे. गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती मुंबईत आले, सगळ्यांना एकच 'पोर्तुगीज' शिक्का बसला, आणि सरकारी नोकरीत स्थानिकांची ओळखच पुसली जायला लागली. म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी असोसिएशन काढून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. ज्या ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव, तिचं सरकार जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती! पण अर्जावर ते शोभून दिसत असणार.

नाव इंग्रजी झालं तसं हळूहळू घरातलंही बदललं. पोरं इंग्रजी शाळेत गेली, पोरी फ्रॉकमध्ये आल्या, लाल चौकड्यांचं लुगडं आजीच्या पेटीत गेलं. मराठी मागे सरत सरत स्वयंपाकघरात येऊन थांबली. मे महिन्याच्या उन्हात अंगणात मिरच्या वाळत पडायच्या, मसालेवाल्या बायका येऊन उखळात कांडायच्या, आणि तो मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून वर्षभर पुरवायचा. त्याचं नावच बॉटल मसाला. कोणत्या घरात काय नि किती पडतं, हे सासू सुनेला सांगते, शेजारणीला नाही.

जमिनीचं मात्र कुणाला लपवता आलं नाही. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरं महापालिकेत आली, शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, गावठाण मधे अडकलं. एकत्र घरं वाटणीत फुटली, कोणी परदेशी गेलं. मार्वेहून होडीने मनोरीला उतरलं की अजून अंगण, विहीर दिसते. वांद्र्यात ती शोधावी लागते.

मालाडकडच्या एका गावठाणात पाहिलं. विहीर बुजलेली, म्हणून बिल्डिंगच्या टाकीखाली हंडा लावला होता. आज्या नळाभोवती गाणं म्हणत उभ्या आणि वॉचमन विचारतोय, पाणी किती वेळ घेणार?