मुळावरची प्रत्येक गाठ नत्राची नसते

हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी आपल्याकडे कोणाला शिकवायला नकोत. आत रायझोबियम जिवाणू राहतात, हवेतलं नत्र पिकाला देतात आणि पिकाकडून साखर घेतात. १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं, पुढं दोन वर्षांत बायरिंकनं तो जिवाणू वेगळा काढला. इथवर सगळं ठीक.

घोळ होतो डाळिंबात. मोहोळकडच्या एका बागेत पाहुण्यांनी माती उकरून मूळ वर काढलं आणि खुशीत म्हणाले, "गाठी बघा किती धरल्यात, यंदा युरिया कमी टाका." झाडं मात्र पिवळी पडलेली, दुपारी माना टाकलेली. अहो, डाळिंब शेंगवर्गातलं नाही! त्याच्या मुळावर रायझोबियमची गाठ धरतच नाही. दिसली ती सूत्रकृमीची, मुळात घुसणाऱ्या बारीक किड्याची. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या जिल्ह्यात हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

खरी पंचाईत तूर, मूग, चवळीत, कारण तिथं दोन्ही गाठी एकाच मुळावर सापडतात. बाहेरच्या रंगरूपावर जाऊ नका, अंगठा वापरा. रोप उपटायचं नाही (उपटलं की निम्म्या गाठी मातीतच राहतात), खुरप्यानं मातीसकट काढून बादलीत हलक्या हातानं धुवायचं. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली असते. अंगठ्यानं दाबून सरकवली की टपकन सुटते, मूळ तसंच शाबूत. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळच सुजलेलं असतं. ओढाल तर मूळ तुटेल. मग नखानं चिरा. कामावर असलेली रायझोबियमची गाठ आतून गुलाबी-लाल निघते. तो लेगहिमोग्लोबिनचा रंग, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. जिवाणूंच्या नत्र बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हा तिथं ऑक्सिजन आवरून धरतो. दुसरी आतून पांढरट. भिंगाखाली नीट पाहिलं तर मोत्याच्या कणासारखी सूत्रकृमीची मादी दिसते.

सूत्रकृमी हा जिवाणू नव्हे, डोळ्याला न दिसणारा किडा आहे. त्यावर रायझोबियमचं पाकीट ओतणं म्हणजे पैसे मातीत. त्याची अंडी खाणारी पॅसिलोमायसिस बुरशी शेणखतात मुरवून द्या, बागेत झेंडू लावा. माझी पसंती झेंडूला: मुळं कामाला येतात, फुलं बाजारात जातात.

आणि हरभऱ्याच्या गाठी घाटे भरताना आतून हिरवट-तपकिरी झाल्या तर औषध आणायला धावू नका. त्यांचं काम आटोपलेलं असतं.