हेड आवळल्यावर बोअर गोल का राहत नाही: टॉर्क प्लेटची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये रॅली, ऑटोक्रॉस, डर्ट ट्रॅकसाठी इंजिन बांधणाऱ्या पोरांकडून एक तक्रार कायम ऐकू येते, की नवीन पिस्टन टाकले, पिस्टनभोवतीच्या नवीन रिंगा टाकल्या, बोरिंग-होनिंग (सिलेंडर आतून कापणं आणि मग स्टोनने घासणं) ताजं आहे, तरी इंजिन ऑइल खातंय आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर मारतंय. मग खापर फुटतं रिंगांवर, नाहीतर बोरिंगवाल्या काकांवर. माझ्या एका एस्टीमच्या इंजिनाचं अगदी हेच झालं होतं. बोअर, म्हणजे सिलेंडरचं भोक, मी स्वतः डायल गेजने मोजला होता, वर, मधे, खाली, काटा कुठेच हलला नव्हता. परत उघडलं तेव्हा सिलेंडरच्या वरच्या भागात, हेड म्हणजे सिलेंडरवरचं झाकण आवळणाऱ्या बोल्टांच्या बाजूला चकचकीत घासलेले पट्टे, आणि दोन बोल्टांच्या मधल्या जागेत होनिंगची जाळी जशीच्या तशी, म्हणजे तिथे रिंग टेकलीच नव्हती. काकांची काहीच चूक नव्हती, त्यांनी बोअर गोलच दिला होता, फक्त तो हेड नसताना गोल होता.

हे कोडं समजायला बरंच मागे जावं लागतं. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाची मोठी अडचण सिलेंडरच होती, कारण गोल आणि सरळ सिलेंडर कापून देणारं मशीनच नव्हतं. जॉन विल्किन्सनने 1774 मधे तोफा कोरायच्या मशीनचं पेटंट घेतलं आणि लगेच पुढे सिलेंडरसाठी दोन्ही टोकांना आधार दिलेला बोरिंग बार वापरला, तेव्हा ते जमलं. वॅटचा भागीदार बोल्टन याने 1776 मधे लिहून ठेवलंय की 50 इंची सिलेंडरमधे जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही. त्या काळी हे थक्क करणारं काम होतं, पण पिस्टनभोवती तागाच्या दोरीचं पॅकिंग असायचं म्हणून तेवढं चालून जायचं. आज आपण एका थाऊसाठी भांडतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण 25 मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक.

पेट्रोल इंजिनं आली तेव्हा बऱ्याच इंजिनांचं हेड आणि सिलेंडर एकाच ओतीव तुकड्यात असायचं. व्हॉल्व्हचं काम करायचं म्हणजे वैताग, पण हेडचे बोल्टच नाहीत म्हणून बोल्टाने बोअर ओढला जायचा प्रश्नही नाही! 1908 च्या फोर्ड मॉडेल टीला निघणारं हेड होतं आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी पुढे सगळीकडे तेच झालं. रेसिंगवाले मात्र जुनी पद्धत सहजासहजी सोडत नव्हते, अमेरिकेतलं ऑफनहाउझर इंजिन घ्या, त्याचं हेड सिलेंडरबरोबरच ओतलेलं, मधे सीलसाठी लागणारं गॅस्केट नाहीच, आणि ते 1976 पर्यंत इंडियानापोलिस 500 ही शर्यत जिंकत होतं. मला वाटतं या गोष्टीकडे आपल्याकडे कोणी नीट बघितलेलंच नाही.

निघणाऱ्या हेडमधे नेमकं होतं काय ते बघा. बोल्ट आवळला की तो ब्लॉकमधले, म्हणजे सिलेंडर असलेल्या मुख्य ओतीव भागातले, आटे वर ओढतो, आणि त्याच वेळी गॅस्केटची कडा बोअरभोवतालचा भाग खाली दाबते, या ओढाताणीत मधली भिंत थोडी पिळली जाते. एका सिलेंडरभोवती चार बोल्ट असले की बोअर चार पाकळ्यांसारखा होतो. नुसता अंडाकृती झाला तर रिंग बऱ्यापैकी वाकून भिंतीला धरते, पण पाकळ्या वाढल्या की तिला तितक्या बारीक वळणात शिरता येत नाही, आणि रेसिंगमधे घर्षण कमी करायला आपण पातळ, कमी टेन्शनच्या रिंगा टाकतो त्यामुळे तिथे तर अजूनच अवघड.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या व्ही-8 रेसिंगवाल्यांनी रुळवला आणि 1970 च्या दशकात चांगल्या रेसिंग मशीन शॉपमधे तो नेहमीचा झाला, तो म्हणजे टॉर्क प्लेट. दीड-दोन इंच जाड प्लेट, बोअरपेक्षा जरा मोठी भोकं, हेडच्या जागी तीच बसवायची, आणि मग होनिंग करायचं. प्लेट नुसती ठेवून भागत नाही, गॅस्केट त्याच जातीचं हवं, बोल्ट किंवा स्टड तेच, आट्यांना वंगण तेच, आवळायचा क्रम आणि टॉर्क (आवळायचा जोर) तोच, कारण यातलं एक बदललं की ओढ बदलते. खालच्या, क्रँकशाफ्ट धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅपही आवळून ठेवायच्या, त्यांचाही परिणाम होतो. पुढे अमेरिकेतल्या नासकार कार रेसिंगच्या टीमनी ब्लॉकमधून गरम पाणी फिरवत होनिंग सुरू केलं, म्हणजे आकार चालत्या इंजिनासारखा मिळावा.

दुसरी वाट धातूची. ओतकामानंतर ब्लॉकमधे ताण अडकून राहतो आणि तो गरम-थंड होत होत हळूहळू सुटतो. 1983 मधे नेल्सन पिके ज्या बीएमडब्ल्यू टर्बोवर फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला त्याचा दीड लिटरचा ब्लॉक साध्या रोडकारच्या एम10 इंजिनावरून आलेला होता आणि त्यासाठी खूप चाललेले, ताण सुटलेले जुने ब्लॉक पसंत केले जायचे. आपल्याकडे उलट, जुना ब्लॉक म्हटलं की पोरं नाक मुरडतात, आणि दुसरीकडे एकेक ओव्हरसाइज करत 1 मिमीपर्यंत बोअर वाढवून भिंत पातळ करून ठेवतात, पातळ भिंत तर जास्तच वाकते.

रॅली ऑफ महाराष्ट्रमुळे नाशिकला या खेळाची ओढ जुनी आहे, आणि सातपूर-अंबडला चांगला सरफेस ग्राइंडर असलेली कामं करून देणारी दुकानं कमी नाहीत, त्यामुळे प्लेट इथेच बनते. मी तशीच बनवून घेतली, जुनं हेड गॅस्केट टेम्प्लेट म्हणून दिलं आणि दोन्ही बाजू ग्राइंड करून घेतल्या. काकांना आधी पटेना, बोअरवर एवढं ओझं कशाला घालतोस म्हणाले, पण प्लेट आवळून त्यांनीच गेज लावला आणि काटा दीड थाऊ सरकला तेव्हा ते गप्प होऊन परत परत मोजत बसले. होनिंग झालं, प्लेट लावलेली असताना सगळीकडे गोल. प्लेट काढली तर तोच बोअर वाकडा दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा, म्हणून मी ब्लॉकवर खडूने लिहून ठेवलं, याला आता कोणी होनिंगचा स्टोन लावू नका.