मुंबईतील डिजिटल व्यवसाय

डिजिटल व्यवसाय : ज्या कामात कच्चा माल, हत्यार आणि तयार वस्तू या तिन्ही गोष्टी मुख्यतः संगणकावरच असतात, अशा नोकऱ्यांना आणि स्वतंत्र कामांना मिळून दिलेले नाव. सॉफ्टवेअर, डेटा विश्लेषण, कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय), सायबर सुरक्षा, क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे दूरचे संगणक), डिजिटल विपणन, ॲनिमेशन व व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली चित्रपटदृश्ये), ॲप आणि संकेतस्थळांचे डिझाइन ही त्याची प्रमुख अंगे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या रोजगारविषयक अहवालानुसार, टक्केवारीने पाहता सर्वांत वेगाने वाढणाऱ्या कामांत बिग डेटा तज्ज्ञ, फिनटेक (पैशांच्या व्यवहारांचे तंत्रज्ञान) अभियंते आणि एआय व मशीन लर्निंग (डेटावरून संगणकाला शिकवणे) तज्ज्ञ आघाडीवर आहेत. २०३० पर्यंत जगभरात १७ कोटी नव्या नोकऱ्या येतील आणि ९.२ कोटी जातील, असा याच अहवालाचा अंदाज आहे. एकदा शिकलेल्या कौशल्यांपैकी ३९ टक्के तोवर बदललेली किंवा कालबाह्य झालेली असतील, हा त्यातला तिसरा आकडा वधूवरांच्या परिचयपत्रात ‘आयटीत आहे’ एवढेच लिहिणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा.

बंगळूरु आणि पुण्यात सॉफ्टवेअर हा स्वतःच एक धंदा आहे. मुंबईत धंदे आधीपासून होते आणि सॉफ्टवेअर त्यांच्या पोटात शिरले. बँका, शेअर बाजार, विमा, जाहिरात, चित्रपट आणि बंदर यांच्या गरजांतून इथली डिजिटल कामे उगवली, त्यामुळे निव्वळ प्रोग्रामिंग येणाऱ्यापेक्षा एखादा धंदा आतून समजणारा आणि वर प्रोग्रामिंगही येणारा माणूस या शहरात जास्त टिकतो.

पाया मात्र जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवात १९६८ ची, अंधेरीचे सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीचे क्षेत्र १९७३ चे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ओस पडत गेलेल्या गिरणगावाच्या जमिनींवर, विशेषतः लोअर परळला, पुढे जाहिरात आणि माध्यम कंपन्यांची कार्यालये उभी राहिली. कॉल सेंटरे मालाडकडे गेली, नंतर नवी मुंबईतले ऐरोली आणि महापे भरले. डोंबिवली-कल्याणच्या तरुणांना ठाण्याला गाडी बदलून नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर लोकल पकडण्याची सवय याच स्थलांतराने लावली.

मुंबईच्या डिजिटल रोजगाराचा कणा म्हणजे पैसा. राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ मध्ये पडद्यावरचे व्यवहार सुरू झाले, १९९६ मध्ये एनएसडीएल ही शेअर संगणकीय नोंदींत सांभाळणारी डिपॉझिटरी आली आणि कागदी शेअर हळूहळू संपले. २००८ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळही मुंबईचेच. त्याने २०१६ मध्ये आणलेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्याला दिलेल्या चाळीस रुपयांमागे साधारणपणे दोन बँका, एक ॲप आणि महामंडळाची यंत्रणा अशा वेगवेगळ्या नोंदी तयार होतात. त्या जुळल्या नाहीत की ग्राहक म्हणतो, ‘पैसे कापले गेले, पण पोचले नाहीत.’ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणारी अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत व्हावी, पुढच्या विलंबाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. न जुळलेल्या नोंदी शोधणे, त्यांची वर्गवारी करणे आणि चूक कोणाकडे झाली हे ठरवणे म्हणजे ताळमेळ, बँकेच्या बोलीत ‘रेको’. पूर्वी हे काम लेजर आणि लाल पेन घेऊन होई. आता त्यासाठी एसक्यूएल (साठवलेल्या डेटाला प्रश्न विचारण्याची भाषा), एक्सेल आणि थोडे पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) लागते. एसक्यूएल दोन-तीन महिन्यांत बरे जमते. अडते ते दुसरीकडेच : उलटवलेला व्यवहार आणि फसलेला व्यवहार यांतला फरक, सुटीच्या दिवशी सेटलमेंटचे, म्हणजे बँकांमधल्या अंतिम देण्याघेण्याचे, काय होते, नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) कोणत्या बाजूला पडतात. वाणिज्य शाखेची मुलगी इथे अभियंत्याच्या पुढे जाते, याचे कारण हेच. भरती करणाऱ्यांच्या जाहिरातींत मात्र अजूनही ‘बी.ई. आवश्यक’ छापून येते.

फिनटेक अभियंता, जोखीम विश्लेषक, फसवणूक शोधणारी प्रारूपे (मॉडेल) बनवणारा डेटा सायंटिस्ट ही याच शिडीची वरची पावले. तिथे संख्याशास्त्र पक्के हवे. हजारांत एखादाच व्यवहार खोटा असताना सगळेच व्यवहार खरे म्हणणारे प्रारूपही कागदावर ९९ टक्क्यांहून अधिक अचूक दिसते, हे ज्याला उमगत नाही त्याच्या हाती एआय देणे महागात पडते. नियमही माहीत असावे लागतात. देयकांचा डेटा भारतातच साठवावा, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१८ चा आहे आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा.

जिथे पैसा तिथे चोर, म्हणून सायबर सुरक्षेची मागणी ओघाने आलीच. सुरुवातीचे पद बहुधा सुरक्षा नियंत्रण कक्षातील ‘एल-वन’, म्हणजे पहिल्या पातळीच्या, विश्लेषकाचे असते : पडद्यावर इशारे येत राहतात, त्यांतले खोटे बाजूला काढायचे, खरे वर पाठवायचे. काम तिन्ही पाळ्यांत चालते. नेटवर्क, लिनक्स ही संगणकप्रणाली आणि लॉग, म्हणजे यंत्रांत आपोआप होणाऱ्या नोंदी, वाचण्याची सवय हवी. हल्ल्याची माहिती सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला सहा तासांत कळवण्याचे बंधन २०२२ पासून आहे, त्यामुळे पहाटे तीन वाजता नेमका आणि सरळ अहवाल लिहिता येणे हेही तांत्रिक कौशल्यच मानावे लागते. शिकवणी वर्गांत ते कोणी शिकवत नाही.

समुद्राचा संबंध सहसा सांगितला जात नाही. १८७० मध्ये एडनहून आलेली तारायंत्राची केबल मुंबईलाच लागली होती. आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावर इंटरनेटच्या सागरी केबली येतात. मोठ्या ग्राहकांची गर्दी आणि या केबली, दोन्ही जवळ असल्याने देशातील डेटा सेंटरांच्या (सर्व्हरनी भरलेल्या इमारतींच्या) क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई महानगरात, पवई, ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल या पट्ट्यात आहे. ॲमेझॉनने भारतातला आपला पहिला क्लाउड विभाग २०१६ मध्ये मुंबईतच उघडला. क्लाउड अभियंत्याला लिनक्स, नेटवर्किंग, कंटेनर (प्रोग्राम त्याच्या साहित्यासह बांधण्याची पद्धत) आणि खर्चाचा हिशेब लागतो, हे सर्वश्रुत आहे. पण त्या इमारती चालवणारी माणसे निराळी असतात. यूपीएस (वीज गेल्यावर पुरवठा टिकवणारे यंत्र), चिलर (गारवा राखणारे यंत्र) आणि डिझेल जनरेटर क्षणभरही बंद पडू नयेत यासाठी विद्युत पदविकाधारक, वातानुकूलनाचे आयटीआय झालेले तंत्रज्ञ आणि परवानाधारक वायरमन लागतात. ‘डिजिटल करिअर’च्या भाषणांत त्यांचे नाव निघत नाही, हे अन्यायाचे आहे.

चित्रपटांच्या बाजूला गोरेगाव आणि अंधेरीत व्हीएफएक्सचे स्टुडिओ आहेत. नवखा माणूस रोटोपासून सुरुवात करतो, म्हणजे चौकटीमागून चौकट नटाची बाह्यरेषा कापत बसतो. तिथून पेंट (चित्रातले नको ते पुसणे) आणि मग कॉम्पोझिटिंग (वेगवेगळी चित्रे एका दृश्यात जुळवणे) असा चढता क्रम आहे. न्यूक आणि माया ही सॉफ्टवेअरे इथली हत्यारे, पण निवड होते ती शोरील, म्हणजे स्वतःच्या कामाची छोटी चित्रफीत, पाहून. प्रकाश कुठून येतो आहे, हे ज्याच्या नजरेला दिसत नाही त्याला कोणतेही सॉफ्टवेअर तारत नाही. रोटोचे बरेच काम आता एआय करू लागले आहे आणि हीच खरी अडचण आहे : शिडीचे सर्वांत खालचे पाऊल मोडले तर वरच्या पावलावरचे कलाकार घडणार कुठे? हाताने केलेल्या सॉफ्टवेअर चाचण्या आणि साध्या मजकूरलेखनाची गत वेगळी नाही. डिजिटल विपणनात शोधयंत्रे (सर्च इंजिन), जाहिरातखर्च आणि त्याचे मोजमाप समजणाऱ्यांना भाव आहे, नुसत्या पोस्ट टाकणाऱ्यांना नाही. मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर तसे स्पष्ट लिहावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे दंडक २०२१ पासून लागू आहेत.

मराठीचे ज्ञान हे या बाजारात दुय्यम समजले जाते, तेही गैरसमजापोटी. विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी यांची कर्मभूमी मुंबईच. जे. जे. उपयोजित कला संस्थेत आणि आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले. आजही बँकेच्या ॲपवर ‘आपला व्यवहार प्रलंबित आहे’ की ‘पैसे अजून पोचलेले नाहीत’ हे ठरवणारा लेखक, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे पडद्यावर नीट बसवणारा डिझायनर आणि आवाज ओळखणाऱ्या प्रणालीसाठी मालवणी, आगरी, वऱ्हाडी बोलणे तपासून देणारा माणूस यांची गरज आहे.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. २००१ पासूनची एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा केवळ ओळख, व्यवसाय नव्हे. जुहूच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे पदव्युत्तर पदविका वर्ग, भांडवली बाजारासाठी एनआयएसएम या सेबीच्या संस्थेच्या परीक्षा, मुंबई विद्यापीठाची आयटी व डेटा सायन्सची पदवी आणि शिकाऊ उमेदवारी हे भरवशाचे मार्ग. दादर आणि ठाण्याच्या स्टेशनाबाहेरच्या ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ फलकांकडे पाहताना मात्र करारात परताव्याची अट लेखी आहे का, हे आधी वाचावे. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा स्वतः पूर्ण केलेले एखादे छोटे काम अधिक बोलते. रेल्वेच्या किंवा पालिकेच्या खुल्या आकडेवारीवर केलेले विश्लेषणही पुरते, फक्त ‘हे असेच का केले?’ या प्रश्नाला उत्तर देता आले पाहिजे.

स्वतंत्र काम करणाऱ्याला हिशेबही स्वतःच ठेवावा लागतो. व्यावसायिक सेवेच्या शुल्कातून ग्राहक कंपनी सहसा १० टक्के कर आधीच कापून घेते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. गिग कामगारांची (कायम नोकरीऐवजी कामागणिक मोबदला घेणाऱ्यांची) व्याख्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. पेमेंट रखडण्याची तक्रार या क्षेत्रात नित्याची असल्याने, अनुभवी मंडळी काम सुरू करण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ घेतात आणि मूळ फाइली शेवटचा हप्ता आल्यावरच देतात.