नवऱ्यांकडून शाळकरी मुलांकडे : पुरुषांसोबतच्या कामाची पार्श्वभूमी

स्त्रियांवरील हिंसा थांबवण्यासाठी पुरुषांसोबत काम करण्याची मुंबईतील सुरुवात बहुधा १९९१ सालच्या एका जाहिरातीपासून सांगितली जाते. बायकोला मारहाण करणे गैर आहे असे मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, असे आवाहन पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी इंडियन एक्स्प्रेसमधून केले आणि त्याला २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातूनच हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’, ही संस्था उभी केली.

परंतु ही जाहिरात छापली जाण्याजोगी हवा स्त्री-चळवळीने तयार केली होती, हे श्रेय विसरता कामा नये. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्कारातील दोन्ही पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत वगैरे कारणे देऊन, १९७८ मध्ये निर्दोष ठरवले. त्या निकालाविरुद्ध १९८० मध्ये स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. पुढे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला आणि त्याच वर्षी विवाहितेच्या छळासाठी भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. कायद्याने मारणाऱ्या नवऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, ते आवश्यकच होते; पण हात उगारण्याआधी त्याच्याशी कोणी बोलायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

‘मावा’ने त्यासाठी अगदी मराठी वाट धरली आणि १९९६ पासून ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक काढला. पुढे २००६ मध्ये पुण्यात ‘युवा मैत्री’ सुरू झाली. महाविद्यालयीन तरुणांना प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांनी आपल्याच वयाच्या मुलांशी बोलायचे, अशी तिची रीत. लैंगिकतेविषयीच्या ज्या शंका घरात किंवा वर्गात तोंडातून बाहेर पडत नाहीत, त्यांना तिथे जागा मिळाली. माझ्या मते या कामातील सर्वांत मोलाचा भाग हाच.

वय मात्र आणखी खाली आणणे भाग होते. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबईतील स्वयंसेवी संस्था ‘कोरो’ यांनी २००८ मध्ये मुंबई महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ (जेंडर इक्विटी मूव्हमेंट इन स्कूल्स) हा स्त्री-पुरुष समतेचा उपक्रम सुरू केला. घरात कोणते काम कोण करते, यासारख्या साध्या प्रश्नांवरून मुले हिंसेपर्यंत येत. काही शाळांत केवळ प्रचारमोहीम झाली, तर काहींत तिच्या जोडीला वर्गात गटचर्चाही घेतल्या गेल्या. मुलांच्या मतांत अधिक फरक पडला तो चर्चा झालेल्या शाळांत.