अंड्यांचे ट्रे आणि बाहेरचा आवाज

"भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, बाहेरचा आवाज बंद, घरीच स्टुडिओ तयार!" हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. ग्वाल्हेरात लष्कर या भागातल्या अरुंद गल्लीत राहून घरी रियाझ रेकॉर्ड करणाऱ्याला तो पटावा यात नवल नाही. स्टुडिओतला फोम दिसतोही तसाच.

पण आवाज अडतो तो वजनाने. विटांची भिंत जड असते, कागदी लगद्याचा ट्रे हलका. शिवाय हॉर्न आत शिरतो तो बहुधा खिडकीच्या फटीतून. ट्रेमुळे फार तर खोलीतल्या तीक्ष्ण आवाजाचा घुमारा थोडा कमी होतो. (आणि ते पटकन पेट घेतात, हे त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.)

खात्री करायचीय? मोबाइलवर गाणं लावा आणि त्यावर ट्रे पालथा घाला. गाणं ऐकू येतंच. आता तोच मोबाइल गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवा, दार लावा. फरक लगेच कळेल.

मग कुणीही न गाता तीस सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. सूंऽऽ असा वारा म्हणजे पंखा, लॅपटॉपच्या आतलासुद्धा. हंऽऽ अशी सलग गुणगुण बहुतेकदा विजेची. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावणारी, म्हणजे 50 हर्ट्‌झची. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली, तर चोर सापडला. तो भिंतीपलीकडे नव्हताच!

राहिला माइक. तो दोन फुटांवरून एक फुटावर आणा: गळा सुमारे 6 डेसिबलने वाढतो, गल्ली मात्र होती तेवढीच राहते.